लिहिता येते, पण वाचता येत नाही: स्ट्रोकनंतर मेंदू वाचनाची वाट कशी बदलतो

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचे वय ६४. चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात स्ट्रोक झाला. बोलणे व्यवस्थित आहे, सही करतात, सांगितले तर दोन ओळींची चिठ्ठीही लिहितात. पण पाच मिनिटांनी तीच चिठ्ठी पुढे ठेवली तर वाचता येत नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणतात, सरावाने मेंदू बदलतो आहे. फेर-एमआरआयमध्ये मात्र डाग आहे तिथेच आणि आहे तेवढाच. मग बदलते आहे ते काय, आणि घरी नेमके काय करून घ्यायचे?

डाग तसाच राहणार, तो पुसला जाण्याची वाट पाहू नका. रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. कोणता भाग कोणत्या भागाशी किती जोराने बोलतो, हे त्यात दिसत नाही, आणि वाचन सुधारते ते याच बोलण्याच्या बदलातून. त्यामुळे थेरपिस्टचे म्हणणे आणि फेर-एमआरआयचा रिपोर्ट, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

आधी वाट समजून घ्या. डोळ्यांसमोरच्या दृश्याची उजवी अर्धी बाजू मेंदूच्या डाव्या भागात जाते आणि डावी अर्धी उजव्या भागात. अक्षरे ओळखण्याचे काम मात्र बहुतेकांमध्ये डावीकडेच होते, मेंदूच्या तळाशी, कानाच्या थोडे मागे असलेल्या एका छोट्या पट्ट्यात. लॉरां कोहेन आणि स्तानिस्लास देहान यांनी २००० साली या पट्ट्याला शब्दरूपाचे क्षेत्र म्हणून ओळख दिली. अक्षर लहान असो वा मोठे, छापील असो वा हाताने लिहिलेले, हा पट्टा त्याला ‘क’ म्हणूनच ओळखतो आणि पुढे उच्चार व अर्थ सांभाळणाऱ्या भागांकडे पाठवतो. उजव्या मेंदूने पाहिलेली अक्षरे दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या पुलाच्या मागच्या टोकावरून डावीकडे येतात.

मागच्या बाजूची डावी रक्तवाहिनी बंद पडली की दोन गोष्टी एकदम होऊ शकतात. उजव्या बाजूची नजर जाते, आणि उजव्या मेंदूने पाहिलेले डावीकडे पोचवणारा पूल तरी तुटतो किंवा शब्दरूपाचा पट्टाच जातो. अक्षर दिसते, पण ते भाषेपर्यंत पोचत नाही. लिहिणे शाबूत राहते, कारण लिहिताना प्रवास उलट असतो: शब्द मनात येतो, तिथून हातात. वाटेत डोळ्यांची गरज फारशी पडत नाही. पॅरिसमध्ये जूल देजेरीन यांनी १८९२ साली असाच एक सुशिक्षित रुग्ण नोंदवला होता. तो लिहायचा, पण स्वतःचे लिहिलेले वाचू शकत नसे, आणि अक्षरावरून बोट फिरवले की ते ओळखायचा. हे बोट फिरवणे लक्षात ठेवा, सरावात ते लागणार आहे.

वडिलांचा प्रकार हाच आहे का, हे आधी पक्के करा. सराव प्रकारावर ठरतो, आणि चुकीचा सराव महिनोन्‌महिने केल्याची उदाहरणे भरपूर असतात. घरी अर्ध्या तासात अंदाज येतो. डोळे मिटवून त्यांच्या तळहातावर बोटाने ‘म’ काढा. ओळखला, तर अक्षराची हाताची आठवण जिवंत आहे. मग तोंडी सांगा, “क, म, ळ, काय झाले?” ‘कमळ’ म्हणाले, तर शब्द जुळवणारा भागही ठीक आहे. आता कागदावर दोन अक्षरी आणि पाच अक्षरी शब्द दाखवून प्रत्येकाला किती सेकंद लागतात ते मोजा. दर वाढीव अक्षरामागे वेळ ठरावीक वाढत असेल, तर ते एकेक अक्षर ओळखून मनात शब्द जुळवत आहेत. सवयीच्या वाचकाला ‘घर’ आणि ‘सरकार’ यांत जवळजवळ फरक पडत नाही. आकडेही दाखवा. या प्रकारात पुष्कळदा आकडे अक्षरांपेक्षा बरे वाचता येतात, आणि तसे असेल तर बसचा नंबर, तारीख, बिलाची रक्कम हे व्यवहार आजच परत मिळतात.

निकाल वेगळा आला तर प्रश्नच वेगळा. सुटा शब्द झटकन वाचतात पण ओळ वाचताना अडखळतात, ओळीचे शेवट गाळतात, तर अडचण मुख्यतः उजव्या नजरेची आहे. शब्दाचा डावा भाग गळतो, ‘नगरपालिका’ची ‘पालिका’ होते, तर ते डावीकडे लक्ष न जाण्याचे लक्षण आहे. ते बहुधा उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये दिसते. तिथे समासात जाड लाल रेघ मारून प्रत्येक ओळ त्या रेघेपासून सुरू करायला लावतात. आणि ‘दवाखाना’ लिहिलेले असताना ‘डॉक्टर’ वाचत असतील, ‘टोमीग’सारखा निरर्थक शब्द अजिबात वाचता येत नसेल, बोलतानाही शब्द सापडत नसतील, तर बिघाड भाषेच्या यंत्रणेत आहे. त्याची थेरपी बोलण्याच्या थेरपीबरोबरच चालते आणि खालचा बेत तिथे जसाच्या तसा लागू नाही.

आता बदलाबद्दल. पहिल्या काही आठवड्यांत जी सुधारणा दिसते, तिचे बरेचसे श्रेय कोणाच्याच सरावाला जात नाही. डागाभोवतीची सूज उतरते. शिवाय डागाशी जोडलेले, पण स्वतः शाबूत असलेले दूरचे भाग धक्क्याने गप्प झालेले असतात, ते हळूहळू कामावर येतात. तिथून पुढे मेंदू काम नव्याने वाटून घेतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात बोलणे बिघडलेल्या १४ रुग्णांचे, ते भाषा ऐकत असताना, तीन वेळा स्कॅन केले होते. पहिल्या काही दिवसांत डावी बाजू थंड होती. सुमारे दोन आठवड्यांनी दोन्ही बाजू पेटलेल्या दिसल्या, त्यातही उजवीची मदत मोठी. वर्षभराने काम पुन्हा बरेचसे डावीकडे परतले होते. हा अभ्यास ऐकण्याचा होता, वाचनाचा नव्हे, पण क्रम समजायला उपयोगी आहे. ‘उजवा मेंदू डाव्याचे सगळे काम उचलतो’ हे जे सर्रास सांगितले जाते, ते प्रौढांच्या बाबतीत अर्धवट खरे आहे. लहान वयात तसे घडू शकते. साठीनंतर उजवी बाजू टेकू देते, पूर्ण भार घेत नाही.

तुमच्या वडिलांच्या प्रकाराचा थेट अभ्यासही आहे. लंडनमध्ये अशा नऊ रुग्णांना शब्द पडद्यावर दिसत असतानाच ऐकवण्याचा सराव सहा आठवडे दिला आणि आधी-नंतर मेंदूतील चुंबकीय लहरी मोजल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सरावातले शब्द ते अधिक वेगाने वाचू लागले, आणि मेंदूत बळकट झाला तो पुढून मागे येणारा दुवा, म्हणजे डाव्या कपाळामागच्या भाषेच्या भागाकडून मागच्या पाहण्याच्या भागाकडे जाणारा. सोप्या शब्दांत, डोळ्यांकडून येणारी बातमी अंधुकच राहते, पण भाषेचा भाग ‘हे अमुक असणार’ अशी अटकळ आधीच खाली पाठवू लागतो आणि अंधुक बातमी ओळखीची ठरते. प्रौढ मेंदूला हे जमते याचा आणखी एक पुरावा आपल्याच लिपीतला आहे. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली, तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागाचाच नव्हे तर खोलवरच्या भागांचाही दृष्टिकेंद्राशी असलेला ताळमेळ बदललेला दिसला. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ती मंडळी निरोगी होती हे खरे, पण वय झाले म्हणून लिपीची वाट घडत नाही, ही समजूत त्याने मोडते.

यातून सरावासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते आणि ती फारशी गोड नाही: जे घोटाल तेच सुधारते. लंडनच्याच पुढच्या चाचणीत, भाषेच्या बिघाडातून वाचन गेलेल्या २१ जणांना असाच शब्दसराव दिला. सरावातल्या शब्दांची अचूकता वाढली, बाहेरच्या शब्दांवर त्याचा परिणाम दिसला नाही. म्हणून पहिलीचे पुस्तक आणून ‘कमळ, बदक, शहामृग’ घोटण्यात काही अर्थ नाही. शहामृग वडिलांना कुठे भेटणार आहे? यादी त्यांच्या दिवसातून काढा: घरच्यांची नावे, गल्लीचे आणि थांब्याचे नाव, गावाला जाणाऱ्या एसटीच्या पाटीवरची चार गावे, ‘एकूण रक्कम’, ‘अंतिम तारीख’, ‘जेवणानंतर’, ‘रात्री’, पेपरातल्या त्यांच्या आवडत्या सदराचे नाव. असे ४० शब्द काढा. त्यांच्यासारखेच, तेवढ्याच लांबीचे आणखी २० वेगळ्या कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्यांचा सराव करायचा नाही, त्यांचे काम शेवटी सांगतो.

मात्रा किती? अ‍ॅफेझियाच्या, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडण्याच्या, थेरपीवरच्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब पाहिला, तर सर्वाधिक फायदा एकूण २० ते ५० तासांच्या थेरपीत दिसतो. दिवसातून दोन बैठका, प्रत्येकी २० मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस: आठवड्याचे चार तास, आठ आठवड्यांचे ३२. सलग दोन तास बसवू नका. स्ट्रोकनंतरचा थकवा नुसता अंगाचा नसतो, लक्षाचाही असतो. बैठक लांबली की चुका वाढू लागतात आणि चुकाही तितक्याच पक्क्या होतात. एक बैठक सकाळी, दुसरी दुपारच्या झोपेनंतर. सहा महिने उलटले म्हणजे दार बंद, असेही नाही. जर्मनीतली २०१७ची मोठी चाचणी स्ट्रोकला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्यांवरच झाली होती, आणि आठवड्याला किमान दहा तासांच्या थेरपीने तीन आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात फरक पडला होता.

पहिले दोन आठवडे अक्षरांचे. मोठ्या ताटात रवा पसरा किंवा पाटी घ्या. अक्षर बघायचे, त्यावरून बोट फिरवायचे, फिरवता फिरवता मोठ्याने म्हणायचे. उजवा हात अशक्त असेल तर डाव्या हाताने चालते. हाताची आठवण इथे मागच्या दाराने आत शिरते: डोळ्याला न कळलेले अक्षर हाताला कळते, आणि दोन्ही एकाच क्षणी घडल्याने डोळ्याची वाटही हळूहळू जागी होते. नंतर बोट कागदावरून मांडीवर, मांडीवरून नुसत्या मनात न्या. सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी घेऊ नका: घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष. आधी ‘म’ दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ द्या, मगच ‘भ’ आणा.

मराठीचे काही घोळ इंग्रजीवरून बेतलेल्या सरावात सापडतच नाहीत. ‘कि’मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण म्हणायची ‘क’नंतर. ‘सूर्य’मधला रफार उलट आहे: तो ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा ‘य’च्या आधी. एकेक चिन्ह उचलणारा वाचक तिथे हमखास ‘सू-य-र’ म्हणतो. म्हणून ‘क ला पहिली वेलांटी कि’ ही शाळेची पद्धत सोडा. ती वेगळ्या झालेल्या तुकड्यांचे आणखी तुकडे करते. ‘कि’, ‘र्य’, ‘त्र’, ‘ज्ञ’ ही अख्खी चित्रे म्हणून वेगवेगळ्या कार्डांवर घ्या. बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावून पहिल्यापासून म्हणवून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. वडील तो न पाहताही घडाघडा म्हणतील. ती पाठांतराची वाट आहे, वाचनाचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरा घोळ शेपटाचा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, म्हणजे अर्थाची किल्ली उजव्या टोकाला असते, आणि वडिलांची उजवी नजरच गेलेली असण्याची शक्यता आहे. ‘बाजारातून’चे ‘बाजारात’ होते, ‘भावाकडे’चा ‘भावाक…’ करून पुढचे अंदाजाने भरले जाते आणि वाक्य फिरते. यावर उपाय साधा आहे: पेन्सिलीने बाजारा|तून, भावा|कडे, घरातल्यां|ना|सुद्धा अशा बारीक रेघा मारा आणि शेपटावर बोट टेकवूनच शब्द पूर्ण झाला असे ठरवा. महिन्याभराने रेघा काढून टाका. याच कारणाने अक्षर जितके मोठे तितके बरे, हा समज चुकीचा आहे. फार मोठ्या टाइपात शब्दाचे शेपूट आंधळ्या बाजूला सरकते. १८ ते २० पॉइंट, दोन ओळींत भरपूर जागा, आणि एका वेळी एकच ओळ दिसेल अशी खिडकी कापलेला पुठ्ठा. यातून सुरुवात करून कोणत्या आकाराला वेळ सर्वांत कमी लागतो ते मोजून ठरवा.

तिसऱ्या आठवड्यापासून शब्द. फोनवर तुमच्या आवाजात शब्द रेकॉर्ड करा. कार्ड समोर धरताच आवाज लावा, तीन सेकंद, पुढचे कार्ड. एका बैठकीत दहा शब्द, चार फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत आवाज कार्डाबरोबरच, चौथीत दोन सेकंद उशिरा. तोवर त्यांना आले तर उत्तम, नाही आले तर आवाज येतोच. मुद्दा असा, की “सांगा बरं, हे काय लिहिलंय?” असे विचारत बसायचे नाही. ती परीक्षा झाली, सराव नव्हे. अंदाजाने चुकीचा शब्द बाहेर पडला की तो शब्द आणि ते चित्र यांचीही गाठ बसते. मेंदूतल्या जोडण्या एकत्र घडलेल्या गोष्टी बांधतात, बरोबर-चूक तपासत नाहीत. कधी कधी वडील म्हणतील, “वाचता येत नाही, पण भाजीचं नाव आहे.” त्यांना थांबवू नका, आणि ‘उगाच ठोकतात’ असेही म्हणू नका. उजव्या मेंदूला ओळखीच्या, डोळ्यांसमोर येणाऱ्या वस्तूंच्या शब्दांचा असा पुसट अर्थ लागू शकतो.

पाचव्या आठवड्यापासून उतारा जोडा. ८० ते १०० शब्दांचा, त्यांच्या आवडीच्या विषयाचा. आधी तुम्ही वाचून दाखवा, मग त्यांनी मोठ्याने वाचायचा, रोज पाच वेळा. पहिल्या वाचनाला लागलेली वेळ लिहा. ती निम्म्यावर आली की नवा उतारा. वाक्याचा संदर्भ वरून मदत पाठवतो, त्यामुळे सुट्या शब्दांपेक्षा इथे वेग लवकर वाढतो. फक्त उतारा पाठ होत नाही ना हे पाहा: मधलाच एखादा शब्द झाकून दाखवा, किंवा दोन वाक्यांची अदलाबदल करा.

उजवी नजर गेली असल्याचे नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितले असेल, तर रोज २० मिनिटे उजवीकडून डावीकडे सरकणारी ओळ वाचायला द्या. वृत्तवाहिन्यांच्या तळाला धावणारी पट्टी तत्त्वतः तीच, पण तिचा वेग आपल्या हातात नसतो. फोनवर अक्षरांची पट्टी धावती करणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात. सरकत्या ओळीमागे नजर जाते आणि पुन्हा उजवीकडे उडी मारते, या उड्यांचाच तो व्यायाम आहे. गेलेली नजर त्याने परत येत नाही, डोळे नीट उडी मारायला शिकतात. नव्या चष्म्याने यातले काही सुटत नाही, आणि नेत्रतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय स्कूटर चालवू देऊ नका.

डोक्याला सौम्य वीज देणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोचल्या असतील. वर सांगितलेल्या २१ जणांच्या चाचणीत तीही वापरली होती. सरावाच्या फायद्यात तिने घातलेली भर लहान होती, आणि सरावाशिवाय नुसत्या विजेचा तिथे प्रश्नच नव्हता. पैसे प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टच्या तासांवर घाला. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग वाणी-श्रवण संस्था किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला स्पीच थेरपी विभाग इथे चौकशी करा. मन उदास असेल, सरावाला बसायचीच इच्छा नसेल, तर तो आळस समजू नका. स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते आणि त्यावर औषध आहे. जमलेले वाचन अचानक बिघडले, तर ‘आज मूड नाही’ असे समजून उद्यावर ढकलू नका, तासाभरात इस्पितळ गाठा.

मोजमाप दर रविवारी, सकाळीच. सरावातले दहा शब्द आणि कपाटातल्या कागदावरचे दहा, आवाजाशिवाय, न दुरुस्त करता. बरोबर किती आणि एकूण सेकंद किती, एवढेच वहीत लिहा. कपाटातले दहा आलटून पालटून घ्या, नाहीतर तेही सरावाचे होऊन बसतात. फक्त सरावाचे शब्द सुधारत असतील तर यादी वाढवत न्या, आठवड्याला दहा नवे. कपाटातलेही सुधारू लागले तर अक्षरांची वाटच मोकळी होते आहे, मग उताऱ्यांवर भर द्या. तीन रविवार दोन्ही आकडे जागेवरच असतील तर तास वाढवू नका, पद्धत बदला, आणि बदलण्याआधी ती वही थेरपिस्टला दाखवा. शब्दामागे किती सेकंद आणि चुका कोणत्या टोकाला, हे त्यांना फेर-एमआरआयपेक्षा जास्त कामाचे आहे. तोवर औषधांच्या पाकिटांवर सकाळ, दुपार, रात्रीचे वेगवेगळ्या रंगांचे ठिपके लावा. ते वाचून घेण्याच्या भरवशावर राहू नका.